माळव्याच्या वाटेवरची पेटी

धारेहून पश्चिमेस अहमदाबादच्या सडकेने निघालेल्या प्रवाशास सरदारपूर तहसिलीत राजगड हा कसबा लागतो, आणि त्या कसब्याच्या लगतच मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. विक्रम संवत 1940 मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या 1883-84 साली, आचार्य राजेंद्रसूरी यांच्या उपदेशावरून राजगडच्या एका पोरवाड श्रावकाने येथे आदिनाथाचे जिनालय उभारले. सौराष्ट्रातील शत्रुंजयाची दूरची यात्रा ज्यांना घडत नाही, त्यांना त्या सिद्धक्षेत्राचे वंदन माळव्यातच करता यावे, हा त्यामागील संकल्प होता. 'अभिधान राजेंद्र' हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा महाकोश रचणारे हे आचार्य 1906 साली राजगडास कालवश झाले, त्यांचा अग्निसंस्कार मोहनखेड्यास झाला, आणि त्यांची जन्मतिथी व स्वर्गारोहणतिथी या दोन्ही पौष शुद्ध सप्तमीसच येत असल्यामुळे त्या दिवशी, गुरुसप्तमीस, तेथे फार मोठी यात्रा भरते. दिवसा पूजाविधी चालतात, आणि रात्री, माळव्याच्या पठारावर थंडी ऐन भरात असताना, मांडवात भक्तिगीतांची बैठक बसते.

अशा बैठकीत स्तवने गाणाऱ्या गायकाच्या शेजारी जो वादक बसतो किंवा उभा राहतो, त्याच्यापुढे आता बहुधा लोखंडी घडीच्या तिवईवर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. कारखाना कोणताही असो, मांडवातले लोक त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. हा वादक काल रतलामला होता, उद्या इंदूरला कोणाच्या विवाहसमारंभात असेल, परवा देवासला एखाद्या भजनमंडळीबरोबर; आणि ज्याच्या चरितार्थाचा असा नित्य प्रवासाशी संबंध आहे, त्याला वाद्य विकत घेताना जो विचार पडतो, तो घरी बसून छंद म्हणून वाजवणाऱ्यास सहसा पडत नाही. नेण्यास हलके, पण हाताखाली खेळणे वाटू नये असे. आवाज पुष्कळ, पण ऐन गाण्यात एकही दगा देणार नाही असे. थंडीत, धुळीत आणि जनित्राच्या लहरी विजेवर चालणारे, असे वाद्य कोणते? हा प्रश्न आजचा वाटतो, परंतु तो विजेइतका नवा नाही. माळव्यात पट्ट्यांचे कोणते वाद्य रुजले आणि कोणते मोडीत निघाले, याचा निर्णय दरबारांच्या अभिरुचीने जितका केला, त्याहून अधिक वेळा तो सडकेने, हवेने आणि हमालाच्या खांद्याने केलेला आहे, असे माझे मत आहे, आणि या लेखात त्या मताची कारणे मांडावयाची आहेत.

धार आणि देवास ही पवारांची राज्ये. बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठ्यांचा अंमल माळव्यात स्थिरावू लागला, तेव्हा 1728 च्या सुमारास तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवासची स्थापना केली, आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये, दोन राजवाडे व दोन दप्तरे नांदू लागली. या राज्यांबरोबर मराठी कारकून, कीर्तनकार, पुराणिक आणि गवई या मुलखात आले, त्यांची घराणी येथेच वाढली, आणि त्यांच्या उत्सवांना, गोकुळाष्टमीला, रामनवमीला, गणेशोत्सवाला गाण्याची साथ लागू लागली. परंतु हे सर्व खुष्कीचे मुलूख. धारेच्या राजधानीस तर संस्थानी अमलाच्या अखेरपर्यंत आगगाडी आलीच नाही. महूस किंवा इंदुरास उतरावे आणि पुढचा पल्ला दमणीने, टांग्याने किंवा पुढे मोटारीने काटावा, असा क्रम होता. अशा वाटेने जे वाद्य येऊ शकेल तेच सामान्य मनुष्याच्या कानांवर पडणार, हे उघड आहे.

राजवाड्यांची गोष्ट निराळी. तेथे द्रव्य होते, आणि विलायती वस्तू बाळगणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे 1921 साली काही महिने देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले होते, आणि त्या वास्तव्यातील पत्रांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक त्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केले. राजवाड्यातील सामानाची पाहणी करताना त्यांना तेथे दोन पियानो आढळले, त्यांतील एक मोठ्या आडव्या घाटाचा. शिवाय एक हार्मोनिअम आणि डल्सिफोन नावाचे एक वाद्य. सगळी नवी होती, आणि एकही वाजवण्याजोगे उरले नव्हते: पट्ट्या अडकून बसल्या होत्या, आणि कोरड्या हवेने चौकटी तडकल्या होत्या. माळव्यातील वाद्यांच्या इतिहासात या नोंदीइतकी बोलकी नोंद मला दुसरी ठाऊक नाही. पियानोत दोनशेहून अधिक तारा प्रचंड ताणाने ओढलेल्या असतात आणि त्यांचा नाद एका पातळ लाकडी फळीतून उमटतो. युरोपच्या दमट हवेत मुरलेले ते लाकूड चैत्र-वैशाखात आकसते, आषाढात फुगते, आणि दोनचार वर्षांत सुराची घडी मोडते. ती पुन्हा बसवणारा कसबी जवळपास नसला, की वाद्य केवळ दिवाणखान्याचे सामान होऊन राहते.

त्याच यादीत हार्मोनिअमही होता, हे मी दृष्टीआड करीत नाही. तोही निकामी झाला होता, आणि याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याच्या रचनेपेक्षा त्याच्या स्वस्थ बसण्यात होते. बैठकीतून बैठकीत हिंडणारी पेटी वारंवार उघडली जाते, तिच्यातील धूळ झटकली जाते, भात्याचे फाटलेले चामडे पुन्हा चिकटवले जाते, आणि घोगरा झालेला सूर कानशीने घासून ताळ्यावर आणला जातो. राजवाड्यातल्या वाद्याला असा हात कोण लावणार?

आता या पेटीची रचना थोडी पाहू, कारण तिच्या प्रवासी गुणांचे मूळ तेथेच आहे. पितळेची एक पातळ जिभली, एका टोकास खिळलेली व दुसऱ्या टोकास मोकळी, आपल्या मापाच्या खाचेतून वाऱ्याच्या झोताने थरथरते आणि सूर निघतो. या मोकळ्या जिभलीचे तत्त्व चीनच्या शेंग नावाच्या वाद्यात फार पूर्वीपासून होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील कारागिरांनी ते उचलले, आणि 1840 नंतरच्या एकदोन वर्षांत पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने त्यावरून पायाने भाता हलवण्याचा हार्मोनिअम सिद्ध करून त्याचे हक्क नोंदवले. तार सैल पडते, कातडे हवेनुसार उतरते-चढते, पण पितळेच्या जिभलीचा सूर तिच्या लांबी-जाडीवर ठरलेला असतो. तो चढवायचा तर टोकाकडे घासावे, उतरवायचा तर बुडाकडे, आणि एकदा घासून बसवला म्हणजे महिनोन् महिने तो फारसा हलत नाही. प्रवासी वाद्याला यापरता मोठा गुण कोणता?

तथापि दबँच्या हार्मोनिअमपुढे खुर्ची लागे आणि दोन्ही पाय गुंतत. आपल्याकडे गाणे जमिनीवर, जाजमावर बसून होते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष, ज्यांची 'द्वारकिन' ही पेढी 1875 पासूनची, त्यांनी पायाचा भाता काढून पेटीच्या पाठीशी हाताने हलवण्याचा भाता बसवला, आणि 1880 नंतरच्या काही वर्षांत हातपेटी प्रचारात आली. म्हणजे मोहनखेड्याचे जिनालय ज्या दशकात उभे राहत होते, त्याच दशकात त्या जिनालयाच्या मांडवात पुढे शतकभर वाजणारे वाद्य कलकत्त्यात आकार घेत होते. एक हात भात्यावर गेला, त्यामुळे दोन्ही हातांनी वाजवण्याची युरोपीय रीत सुटली; पण एकसुरी गाण्याची साथ करण्यास एकच हात पुरेसा होता, म्हणून हा तोटा कोणास जाणवला नाही. उलट भात्यावरचा डावा हात हा गायकाच्या श्वासाचा सांगाती झाला: स्वर कोठे सोडावा, कोठे दाबावा, कोठे ओठांतल्या ओठांत ठेवावा, हे सगळे त्या हाताने साधू लागले.

एक संबंध येथे नमूद करण्याजोगा आहे. या पेट्यांच्या जिभल्या आधी युरोपातून येत; पुढे त्या येथेच होऊ लागल्या, आणि त्यांचे नामांकित गाव ठरले सौराष्ट्रातील पालिताणा. शत्रुंजय पर्वत ज्या गावी आहे ते हेच पालिताणा. ज्या क्षेत्राचे स्मरण म्हणून मोहनखेडा वसला, त्याच क्षेत्राच्या पायथ्याशी घडलेले सूर मोहनखेड्याच्या पूजांतून वाजत राहिले, हा योग मला फार हृद्य वाटतो.

पेटीला कलावंताचे वाद्य करण्याचे श्रेय मात्र उत्तरेकडे ग्वाल्हेरला आणि दक्षिणेकडे कोल्हापुराला द्यावे लागते, आणि माळवा या दोहोंच्या मधोमध पडतो. ग्वाल्हेरचे भय्यासाहेब गणपतराव हे जयाजीराव शिंद्यांचे पुत्र. त्यांनी ठुमरीच्या अंगाने हार्मोनिअम असा वाजवला, की ज्यांना त्या वाद्याचा तिटकारा होता त्यांचेही त्याच्यापुढे काही चालले नाही. कोल्हापूरकडे गोविंदराव टेंब्यांनी, 1881 साली जन्मलेल्या त्या रसिकाग्रणीने, भास्करबुवा बखल्यांच्या गायकीचा संस्कार घेऊन पेटीला स्वतंत्र वादनाचा दर्जा दिला, आणि 1911 च्या 'मानापमान' नाटकाच्या चालींनी मराठी रंगभूमीचे सगळे वळणच पालटले. नाटक मंडळ्या हीच त्या काळची खरी फिरती संस्था होती. पडदे, दागदागिने, पेट्या-ट्रंका यांबरोबर पायपेटी आणि ऑर्गन हेही मंडळीच्या बिऱ्हाडात असत, आणि मुक्काम उठला की त्यांचीही बांधाबांध होई. हार्मोनिअमचा वारा जिभलीवर बाहेर ढकलला जातो आणि अमेरिकन घाटाच्या ऑर्गनमध्ये तो आत ओढला जातो, म्हणून ऑर्गनचा नाद अधिक गोल व मऊ. गंधर्व नाटक मंडळीने तो नाद लोकांच्या कानांत इतका मुरवला, की पुढे पुष्कळ वर्षे ऑर्गनवाचून नाट्यपद ओळखीचे वाटेना. परंतु ऑर्गन हे चार माणसांचे ओझे. मंडळ्या बुडाल्या तसे त्यांचे ऑर्गन जागोजाग राहून गेले, आणि नाट्यपदे मात्र हातपेटीच्या साथीने गावोगाव फिरत राहिली.

या वाद्यावर जे दोन आक्षेप घेतले गेले, ते दोन्ही खरे होते, हे कबूल करूनच पुढे गेले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की पेटीचे सूर युरोपच्या सोयीसाठी सप्तकाचे बारा समान भाग पाडून लावलेले असतात. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार 386 व्या भागाच्या आसपास येतो, आणि पेटीचा गंधार 400 व्या भागावर. म्हणजे तो उघड चढा लागतो. पंचमाचा फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तो खपतो. गंधार व धैवत खपत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते, त्यामुळे मींड निघत नाही. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुतींचा प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगला, 1910 साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींचा हार्मोनिअम करवून घेतला. बडोद्याच्या 1916 च्या संगीत परिषदेत तो वाद्यविशेष लोकांपुढे आला, पण गवयांच्या पसंतीस उतरला नाही. पट्ट्या वाढल्या, किंमत वाढली, हात अडखळू लागला. आणि मांडवातल्या साथीदाराला ज्या गोष्टीची आस होती, ते हलकेपण व तो सुटसुटीतपणा त्यात नव्हता. देवलांच्या व्यासंगाविषयी मला नितांत आदर आहे; त्यांचा प्रश्न यथार्थ होता, काळ मात्र अनुकूल नव्हता.

नभोवाणीने तर हुकूमच काढला. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीच्या केंद्रांवर हार्मोनिअमला बंदी झाली. रवींद्रनाथांसारख्यांची नापसंतीही त्या हुकमाच्या पाठीशी होती. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळातही तो कायम राहिला, आणि थेट 1971 मध्ये त्याची कडी सैल झाली. इंदूरचे केंद्र 1955 साली सुरू झाले. म्हणजे माळव्याच्या नभोवाणीची पहिली सुमारे सोळा वर्षे पेटीवाचून गेली. याच काळात त्या केंद्रापासून काही कोसांवर गावोगावची भजने, कीर्तने, जैन पूजा आणि कबीरपंथी मंडळ्यांची रात्र-रात्र चालणारी बैठक या सर्वांत पेटी निर्वेध वाजत होती. तंबुरा, खरताल, ढोलक आणि मंजिरा हीच ज्यांची परंपरागत सामग्री, त्या माळवी कबीरगायकांनीही तिला आपल्यात घेतले. आज प्रल्हादसिंह टिपानिया यांच्यासारख्यांच्या मंडळीत ती तंबुऱ्याच्या शेजारी सहज बसलेली दिसते. सरकारी दप्तराने दार लावले, आणि लोकांनी त्याची दखलसुद्धा घेतली नाही.

देवासचे उदाहरण या बाबतीत विशेष मननीय आहे, कारण सुराच्या शुद्धतेविषयी इतका आग्रह दुसऱ्या कोणत्या लहान गावाने धरला असेल असे मला वाटत नाही. रजब अली खाँ, ज्यांचे 1959 साली देवासलाच निधन झाले, ते कोल्हापूर व देवास या दोन्ही दरबारांशी संबंधित, गायक तसेच रुद्रवीणेचे जाणकार. त्यांच्या हयातीतच, 1948 च्या जानेवारी अखेरीस, कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन कोरड्या हवेसाठी या गावी आले. जी हवा राजवाड्यातील पियानोंना बाधली, ती या गायकाच्या फुप्फुसांना मानवली. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या 'भानुकुल'मध्ये तंबोरे लावणे ही एक साधना होती. आणि तरीही कुमारांच्या मैफलींत वसंत आचरेकरांच्या तबल्याबरोबर गोविंदराव पटवर्धनांची पेटी असे. ज्या कानाला 14 भागांचा फरक निश्चित बोचत होता, त्याने पेटी का स्वीकारली? मला याचे उत्तर असे दिसते, की उत्तम साथीदार पेटीचा दोष झाकत नाही, तो दोषाच्या जागी थांबतच नाही. बोचणारा गंधार तो ओझरता घेतो, विसावा षड्ज-पंचमांवर घेतो, आणि गायकाच्या आलापाला आडवा न जाता त्याच्या मागोमाग सावलीसारखा चालतो. वाद्य निवडताना आज जे गुणदोष कागदावर तोलले जातात, त्यांत हा गुण कोठेच लिहिलेला नसतो.

आता भात्याच्या पेटीकडून विजेच्या पेटीकडे वळू. तिचा हिंदुस्थानातील पहिला मोठा पराक्रम 1954 सालचा. 'नागिन' चित्रपटातील बीन ऐकून लोक खरोखर पुंगी समजले. ती प्रत्यक्षात कल्याणजींनी वाजवलेली क्लॅव्हिओलिन होती, आणि तिच्या जोडीस रवी यांचा हार्मोनिअम होता. फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी 1947 च्या सुमारास केलेले हे वाद्य मुळातच उचलून नेण्यासाठी कल्पिलेले होते: लहानशी पट्ट्यांची पेटी, आणि वेगळ्या खोक्यात ध्वनिवर्धक. हॅमंड ऑर्गनसारखी त्या काळातील प्रतिष्ठित विद्युतवाद्ये उचलण्यास चार माणसे लागत. म्हणून ती चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत व मोठ्या हॉटेलांत राहिली. पुढे 1980 च्या आरंभी कॅसिओ या जपानी गणकयंत्रांच्या कारखान्याने कॅसिओटोन बाजारात आणले, यामाहानेही त्याच सुमारास लहान वाद्यांची मालिका काढली, आणि 1983 मध्ये निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी जोडण्याचा मिडी हा सर्वमान्य संकेत ठरला. आयातीचे निर्बंध व जकातीचा बोजा यांमुळे ही वाद्ये आपल्याकडे प्रथम महाग व दुर्मीळ होती. 1991 नंतर ती तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत आली. वरातीच्या बँडने ती हातगाडीवर चढवली, ऑर्केस्ट्रा पार्ट्यांनी तिवईवर, आणि भक्तिसंध्येच्या मांडवात ती पेटीच्या जागी किंवा पेटीच्या शेजारी येऊन बसली.

देवलांची व आकाशवाणीची जी तक्रार होती, तिचे यांत्रिक उत्तर या नव्या वाद्यात आलेले आहे, आणि याकडे आपल्या वादकांचे फारसे लक्ष जात नाही, याचे मला वाईट वाटते. आजच्या पुष्कळ कीबोर्डांत सप्तकातील प्रत्येक सूर स्वतंत्रपणे हवा तितका उतरवता वा चढवता येतो. गंधार 14 भाग उतरवून ठेवला की तो तंबोऱ्यात मिसळतो. डाव्या हाताशी असलेल्या चाकाने सूर सरकवता येतो, म्हणजे मींडेचा आक्षेपही निम्माशिम्मा मिटला. सांगलीच्या त्या विद्वान डेप्युटी कलेक्टरांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचले, ते आज एका कळीच्या दाबण्यावर आहे; आणि बहुसंख्य वादक ती कळ कधीच दाबत नाहीत. मात्र एक गोष्ट गेली, ती भात्याची. वाऱ्याचा जो चढउतार डाव्या हातात होता, तो आता पट्टीवरच्या दाबात किंवा पायाखालच्या पेडलमध्ये शोधावा लागतो, आणि ज्या स्वस्त वाद्यांत पट्टी हळू दाबली काय नि जोरात दाबली काय आवाज एकच निघतो, त्यांवर स्तवनाची साथ करणे हे गायकावर अन्याय करण्यासारखे आहे.

म्हणून नित्य दौऱ्यावर असलेल्या वादकाने वाद्य पाहताना प्रथम पट्टी पाहावी, आवाजांची संख्या शेवटी. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात. लहान पट्ट्यांवर पेटीची सवय झालेला हात चुकतो. पाच सप्तकांच्या 61 पट्ट्या आपल्या कामाला पुरतात. पियानोसारख्या जड 88 पट्ट्यांचे वाद्य हाताला सुखावते खरे, पण दहाबारा किलोंच्या खाली ते क्वचितच मिळते, आणि मध्यरात्री मांडवातून गाडीपर्यंत ते स्वतःच उचलायचे असते. साधी पेटी आठदहा किलोंची, सूर चढवता-उतरवता येणारी 'स्केल चेंजर' पेटी त्याहून बरीच जड. हे जुने माप मनात धरले, तर पाचसहा किलोंचा कीबोर्ड हा शंभर वर्षांच्या प्रवासातील खरा लाभ आहे, तो व्यर्थ दवडू नये. रोलंडचा जुनो-डीएस हा 61 पट्ट्यांचा नमुना सव्वापाच किलोंच्या आसपास असून पुन्हा भारता येणाऱ्या आठ सेलांवरही चालतो. असा सेलांचा आधार ज्या वाद्यात आहे, त्याला मी त्याच किमतीच्या दुसऱ्या वाद्याहून वरचा मान देईन, कारण खेड्यातील यात्रेत जनित्र बंद पडणे ही आकस्मिक घटना नसून नेहमीची आहे. ज्यात सेलांची सोय नाही, त्याच्याबरोबर दुसरा अडॅप्टर नेलाच पाहिजे.

हिंदुस्थानी बाजारासाठी यामाहा व कॅसिओ यांनी तबला, ढोलक, तंबोरा, शहनाई असे आवाज व आपले ठेके भरलेली वाद्ये काढली आहेत, आणि भक्तिसंगीताच्या वादकास ती सोयीची आहेत. परंतु यंत्रातल्या ठेक्यावर विसंबून ढोलकीवाल्याला घरी बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गायकाची पट्टी काळी चार असो की पांढरी पाच, एका कळीने सगळे वाद्य चढवता-उतरवता येते, ही सोय अमूल्य आहे; तिच्यामुळे निरनिराळ्या पट्टीत बोटे फिरवण्याचा रियाज मात्र सुटता कामा नये, कारण ती कळ एखाद्या रात्री चुकून दाबली गेली, की सावरणारा तोच रियाज असतो. कार्यक्रमाचा क्रम ठरल्यावर प्रत्येक गीताचे आवाज आधीच स्मृतीत साठवून ठेवता येतात की नाही, आणि ते एका बोटाने बदलता येतात की नाही, हे दुकानातच तपासावे. अंधाऱ्या मांडवात, थंडीने बधिरलेल्या बोटांनी, पडद्यावरच्या याद्या-उपयाद्या उलगडत बसण्यास सवड नसते. ध्वनिक्षेपकाला जोडण्याची जागा जाड फोन-जॅकची असावी. केवळ हेडफोनच्या भोकातून आवाज काढला, तर गुणगुण येते आणि सैल पडलेली तार ऐन वेळी सुटते. पौषातल्या रात्री उघड्यावर दव पडते, तेव्हा वाजवणे संपताच वाद्यावर कापड पडले पाहिजे, आणि उबदार गाडीतून थंड मांडवात किंवा उलट नेल्यावर ते थोडा वेळ बंद ठेवून हवेला सरावू दिले पाहिजे. धूळ हा पेटीचा व कीबोर्डचा समान शत्रू. फरक इतकाच, की पेटी उघडून झटकणारा कारागीर अजून प्रत्येक गावी सापडतो, आणि कीबोर्ड उघडणारा बहुधा इंदुरास जावे तेव्हा भेटतो. दुरुस्तीची सोय जवळ कोठे आहे, याची चौकशी म्हणूनच खरेदीपूर्वी करावी.

आणि पेटी विकून टाकू नये. मुंबईत दादरला हरिभाऊ विश्वनाथांसारख्या 1925 पासूनच्या पेढ्यांनी आणि गावोगावच्या अनामिक कारागिरांनी जपलेली ती विद्या अजून जिवंत आहे; ज्या बैठकीत शंभरसव्वाशे माणसे आहेत, ध्वनिक्षेपक नाही, गायक जाजमावर बसून गातो आहे, तेथे कीबोर्डला काही काम नाही. हजारोंचा मांडव, अनेक प्रकारची गीते आणि रोजचा प्रवास, हे कीबोर्डचे खरे क्षेत्र.

हे वाचून कोणी तरुण साथीदार वाद्य घेण्यास निघाला, तर त्याने ज्याची साथ करायची त्या गायकाला बरोबर घेऊन दुकानात जावे, वाद्य त्याच्या पट्टीत लावावे, गंधार उतरवून पाहावा, अर्धा तास त्याला गाऊ द्यावे आणि स्वतः वाजवावे. नंतर ते वाद्य पिशवीत घालून दोन जिने चढून-उतरून पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.